त्याची सबब काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पहिल्यांदाच शेक्सपीयरचं ‘मॅकबेथ’ बसवताय. मॅकबेथ करणारा मुलगा विचारतो, “मी मुळात दुष्ट आहे, की होत जातो?” तुम्ही त्याला सांगितलंत की त्याच्या मनातल्या काळ्या प्रवृत्ती हळूहळू वर येतात आणि त्याच नाटकाला शेवटाकडे ओढत नेतात. त्याला ते पटलं, पण तालमीत त्याचा काही उपयोग होईना. म्हणून या प्रवृत्ती शोकांतिकेची वाट नेमकी कशी ठरवतात आणि ते रंगमंचावर दिसणार कसं, हे तुम्हाला हवंय. जाता जाता पोशाखाचंही विचारलंत, त्याकडे शेवटी येतो.

तुमचं उत्तर चूक नाही, पण नटाला ते करता येत नाही. ‘काळी प्रवृत्ती’ दाखव म्हटलं की नट भुवया आवळतो, आवाज खर्जात नेतो आणि पहिल्या एण्ट्रीपासून मान खाली घालून डोळे वर करून बघायला लागतो. असे मॅकबेथ मी बरेच पाहिलेत आणि त्यातला एक माझ्याच दिग्दर्शनातला होता. मध्यंतरानंतर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसल्या. दोष नटाचा नव्हता. हा माणूस राजाचा खून करणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं, तर प्रत्यक्ष खून होईपर्यंत प्रेक्षकाने करायचं काय?

त्या प्रयोगानंतर मी नटाला त्याच्या पात्राच्या विकाराबद्दल विचारणंच सोडून दिलं. आता मी एकच प्रश्न विचारतो, आणि तालमीत तो इतक्यांदा विचारतो की पोरं माझी नक्कल करतात: “या क्षणी तुझी सबब काय?”

विकार तर सगळ्यांकडेच असतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही यादी आपल्याला लहानपणापासून पाठ आहे आणि समोर बसलेला प्रेक्षकही या सहाही जणांना घरी सोडून आलेला नसतो. तरी तो कुणाचा गळा दाबत नाही. विकार आणि कृती यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. तो ओलांडताना माणूस स्वतःला काहीतरी सांगतो: हे एकदाच, हे तिच्याच भल्यासाठी, हे मी नाही केलं तर दुसरा करेल. मी त्यालाच सबब म्हणतो. नाटक पुढे सरकतं ते या सबबींवर. पहिली सबब घडवायला पात्राला घाम फुटतो, दुसरी जरा सहज जमते, आणि एक वेळ अशी येते की सबब लागतच नाही. शोकांतिकेचा आलेख काढायचाच झाला, तर मी तो या उतारावर काढतो.

इथे आपली भाषा फार मदतीला येते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर 1883 मध्ये प्रसिद्ध केलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘विकारविलसित’. इंग्रजी नाटकाच्या नावात एका माणसाचं नाव आहे, आगरकरांच्या नावात त्या माणसाच्या मनात चाललेला खेळ आहे. विकार म्हणजे नुसती वाईट वासना नव्हे. त्वचाविकार, हृदयविकार म्हणतो तेव्हा तो आजार असतो. आणि शाळेच्या व्याकरणात विकारी शब्द म्हणजे वाक्यात गेल्यावर ज्याचं रूप बदलतं तो. उलट ज्याचं रूप कशानेच बदलत नाही, ते अव्यय. मी नटांना सांगतो, शोकांतिकेचा नायक या व्याकरणातल्या अर्थाने विकारी असायला हवा. प्रसंगाचा प्रत्यय लागला की त्याचं रूप बदललं पाहिजे. खलनायक बहुतेकदा अव्यय असतो. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं हे झालं छोटं उत्तर.

आता ‘मॅकबेथ’ उघडा आणि पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश काढा. चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होणार. बस्स, इतकंच. खुनाबद्दल त्या चकार शब्द काढत नाहीत. राजा म्हातारा आहे, उद्या आपल्या मरणाने मरू शकतो, गादी आपोआपही येऊ शकते. पण हे ऐकताच मॅकबेथ दचकतो. आपल्याला ते कळतं कारण शेजारी उभा असलेला त्याचा सोबती सरदार बँको विचारतो, इतकं गोड ऐकून तू भ्यालास का? संहितेत या दचकण्यासाठी वेगळी सूचना नाही, ते बँकोच्या वाक्यात लपलेलं आहे. बरेच नट तिथून नुसते पुढे निघून जातात. माझ्या मते सगळी भूमिका त्या दचकण्यात आहे. चांगली बातमी ऐकून कोण दचकतं? ज्याच्या मनात ती गोष्ट आधीच, वेगळ्या रूपात, येऊन गेलेली असते तो. चेटकिणींनी बी पेरलं नाही, त्यांनी माती उकरून आतला कोंब दाखवला. थोड्याच वेळात तो स्वगतात बोलतो की हा कुठला विचार मला सुचतोय, ज्याच्या नुसत्या चित्राने अंगावर काटा येतो. विकार तिथे आहे, पूर्ण वाढलेला आहे. आणि तरीही पुढचा सबंध अंक काही घडत नाही, कारण सबब अजून सापडलेली नाही.

ती कशी सापडते, हे सातव्या प्रवेशात जवळून बघा. राजा डंकन आत जेवतोय, मॅकबेथ पंगतीतून उठून बाहेर आलाय. इथलं स्वगत 28 ओळींचं आहे आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या ओळी खुनाच्या विरुद्ध आहेत. तो माझा नातेवाईक, तो माझा राजा, आज तो माझा पाहुणा. मी दार लावून त्याला राखायचं, की स्वतःच सुरी घेऊन आत जायचं? शेवटी तो कबूल करतो की त्याच्याकडे ढकलणारं दुसरं कारण नाहीच, आहे ती नुसती महत्त्वाकांक्षा. इतका स्वच्छ विचार या नाटकात पुन्हा कुणी करत नाही. बायको बाहेर येते तेव्हा तो सरळ सांगतो की हा विषय आपण इथेच सोडू.

पुढच्या काही मिनिटांत लेडी मॅकबेथ त्याच्या एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही. पाहुण्याचं काय, नात्याचं काय, यावर अक्षर नाही. ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते. आणि मग तो विचारतो: आपण फसलो तर? हे वाक्य तालमीत लाल पेन्सिलने गोल करून घ्या. करावं की न करावं हा प्रश्न कुणी सोडवलाच नाही, त्याच्या जागी दुसराच प्रश्न येऊन बसला: जमेल की नाही? ती योजना सांगते, पहारेकऱ्यांना दारू पाजायची, आळ त्यांच्यावर घालायचा, आणि तो तयार होतो. 28 ओळींचा युक्तिवाद कुणीही खोडून न काढता विरून जातो. माझ्या नटांना सुरुवातीला इथे जोरजोरात भांडायचं असतं. मी त्यांना आवाज खाली आणायला लावतो. नवराबायको घरखर्चावर बोलतात त्या स्वरात हा प्रवेश करून बघा, पाठीतून थंड शिरशिरी जाते.

बरं, या बाईंचीही सबब आहे, उलट दिशेची. खून करायला आपण कशा समर्थ आहोत हे इतकं सांगितल्यावर ऐनवेळी ती म्हणते, झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. न करण्याची सबब! ज्या नटीला हे एक वाक्य नीट कळतं तिला पाचव्या अंकातलं झोपेत चालणं वेगळं समजवावं लागत नाही.

मग बँकोचा खून. मॅकबेथ दोन मारेकऱ्यांना बोलावतो आणि पैसे देऊन मोकळा होत नाही. तो त्यांना पटवत बसतो की तुमच्या हालांना बँकोच कारणीभूत आहे. त्यांनी म्हटलं, आम्ही माणसं आहोत, तर तो म्हणतो, हो, यादीत तुमची नोंद माणसं म्हणून होईल खरी, जशी प्रत्येक जातीच्या कुत्र्याची कुत्रा म्हणून होते. ओळखलंत? बायकोने त्याच्यावर वापरलेलं हत्यार तो आता दुसऱ्यांवर वापरतोय. जो माणूस सबबीचं गिऱ्हाईक होता तो सबबींचा व्यापारी झाला. हा प्रवेश लांबट आहे म्हणून बरेच जण कापतात. कापू नका. काही कापायचंच असेल तर चेटकिणींची राणी हेकेट हिचे तुकडे कापा, ते शेक्सपीयरचे नसावेत असंच बहुतेक अभ्यासकांचं मत आहे.

याच सुमारास तो बायकोपासून लपवायला लागतो. पहिल्या खुनात ती भागीदार, दुसऱ्यात तिला अर्धवट सूचना आणि तिसऱ्यात ती कुठेच नाही. सबब लागत नसेल तर ती ऐकणारं माणूसही लागत नाही. मेजवानीत मॅकबेथला बँकोचं भूत दिसतं, आणि नंतर दोघं एकटी उरतात तेव्हा तो म्हणतो की मी रक्तात इतका आत आलोय की परत फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच कंटाळवाणं. कंटाळवाणं, हा त्याचा शब्द आहे. पहिल्या अंकात ज्याला नरक आणि देवदूत दिसत होते त्याला आता फक्त दमणूक दिसते. चौथ्या अंकात मॅकडफ हा सरदार पळून गेल्याचं कळतं आणि मॅकबेथ ठरवतो: यापुढे मनात आलं की हातून झालंच पाहिजे. मॅकडफच्या बायकोमुलांना मारून त्याला काहीही मिळणार नाही. तरी मारतो. पहिला खून पडद्याआड झाला होता, आपण फक्त त्याचे रंगलेले हात पाहिले. मॅकडफचं पोर मात्र आपल्यासमोर मरतं. ही चढती भाजणी शेक्सपीयरने बांधून दिलेलीच आहे, आपण मध्ये लुडबुड केली नाही म्हणजे झालं.

तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, की वाईटपणा वाढवत नेऊ नकोस, विचारासाठी घेतलेला वेळ कमी करत ने. पहिल्या अंकात प्रत्येक कृतीआधी लांब पॉज, तिसऱ्यात आखूड, चौथ्यात पॉजच नाही. एवढ्याने त्याचं निम्मं काम होईल.

‘ऑथेल्लो’त हीच गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. देवलांनी 1890 मध्ये ‘झुंझारराव’ केलं तेव्हापासून आपल्याकडे या नाटकाचा सारांश ‘संशय वाईट’ एवढाच सांगितला जातो. ते खोटं नाही, पण त्यात ऑथेल्लोच्या मनात संशय भरवणारा इयागो फार मोठा होतो. मी एकदा तशीच चूक केली. माझा इयागो इतका हुशार, इतका गमत्या झाला की प्रेक्षक त्याच्या बाजूने हसायला लागले आणि ऑथेल्लो निव्वळ मूर्ख दिसला. मूर्खाची कीव येते, पण त्याची शोकांतिका होत नाही.

नंतर संहिता परत वाचताना रुमालाकडे लक्ष गेलं. इयागोचा सगळा पुरावा म्हणजे तो रुमाल. पण तो पडतो कसा? ऑथेल्लो म्हणतो, डोकं दुखतंय. त्याची बायको डेस्डिमोना ते रुमालाने बांधायला पुढे होते. तो म्हणतो, तुझा रुमाल फार लहान आहे, आणि बाजूला सारतो. रुमाल खाली पडतो, दोघं निघून जातात, मग इयागोची बायको एमिलिया तो उचलते. म्हणजे बायकोविरुद्धचा पुरावा ऑथेल्लोच्या स्वतःच्या हाताने जमिनीवर पडलेला असतो, त्याच्याच डोळ्यांसमोर. पुढे रुमाल कुठे गेला म्हणून तो आरडाओरडा करतो तेव्हा त्याला हे आठवत नाही. विकार अंगात आला की माणूस विसरतो ते नेमकं स्वतःला सोडवू शकेल तेच. आता मी तो रुमाल पडताना ऑथेल्लोला क्षणभर त्याच्याकडे बघायला लावतो. बघतो आणि निघतो. बाकी काही करावं लागत नाही.

आणि त्याची सबब? मत्सराने मारतोय असं तो एकदाही स्वतःशी म्हणत नाही. शेवटच्या प्रवेशात दिवा घेऊन झोपलेल्या बायकोजवळ येतो तेव्हा तो न्यायाधीशासारखा बोलतो. हिला मरायलाच हवं, नाहीतर ही आणखी पुरुषांना फसवेल! ज्या पुरुषांची त्याने कधी काळजी केली नाही, त्यांच्या हितासाठी तो हे करतोय. ती आरोप नाकारते तेव्हा तो चिडतो, आणि का चिडतो ते फार महत्त्वाचं आहे: मी ज्याला बलिदान समजत होतो त्याला तू खून म्हणायला लावतेस, अशी त्याची तक्रार आहे. तिने पाप केलं यापेक्षाही ती त्याची सबब मोडतेय, याचा त्याला राग आहे. इतका नेमका मानसिक तपशील 1604 सालच्या, किंवा त्याच्याही आधीच्या नाटकात आहे, हे अजूनही माझ्या अंगावर येतं.

इयागोचं उलटं. त्याच्याकडे सबबी भरपूर आहेत: मला बढती दिली नाही, ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी असावं, ती बढती मिळालेल्या कॅसिओचंही असावं, शिवाय मलाही डेस्डिमोना आवडते. चार-चार कारणं सांगणाऱ्या माणसावर जसा आपला विश्वास बसत नाही तसा याच्यावरही बसत नाही. ती कारणं त्याला उंबरठा ओलांडायला लागत नाहीत, तो आधीपासून पलीकडेच उभा आहे. हे माझं अव्यय. म्हणूनच शेवटी, का केलंस, असं विचारल्यावर तो सांगतो की यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही.

आपल्या रंगभूमीवर ही सबब जितकी उघड ठेवली गेली तितकी क्वचितच कुठे असेल: ती थेट नाटकाच्या नावात आहे. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’, 1919 साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच रंगभूमीवर आलं. या नाटकाला दारूबंदीचं नाटक म्हणून गुंडाळून ठेवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. सुधाकरचा मूळ विकार दारू नाहीच, मद आहे, आणि गंमत म्हणजे आपल्या भाषेत मद या एका शब्दात नशा आणि गर्व दोन्ही बसतात. बुद्धिमान, स्वाभिमानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही महिन्यांसाठी जाते. तो अपमान त्याला सोसवत नाही, आणि त्या क्षणी त्याचाच कारकून तळीराम सबब घेऊन हजर असतो: विसर पडण्यापुरता एकच.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती मधली जागा. सुधाकर दारू सोडतो, खरोखर सोडतो, आणि जुन्या ओळखीच्या लोकांकडे काम मागायला जातो. तिथे त्याची बोळवण होते, कुणी टोमणे मारतो, कुणी तोंड फिरवतो. परत प्याला हातात येतो तो त्यानंतर. शरीराने ओढलं म्हणून तो प्यायला असता तर हे व्यसनाचं नाटक झालं असतं. गर्वाला पुन्हा ठेच लागली म्हणून तो पितो, म्हणून ही शोकांतिका. ज्या ताठ कण्यामुळे तो पहिल्या अंकात आपल्याला आवडतो तोच कणा त्याला वाकू देत नाही.

याच नाटकात रामलाल आहे. शहाणा, सुधारक, सगळ्यांना सल्ला देणारा. शरद या बालविधवेला तो लेकीसारखी वागवतो, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की या वात्सल्याच्या आड अभिलाषा दडलेली आहे. विकार सुधाकरइतकाच धोक्याचा. पण रामलाल त्याचं खरं नाव स्वतःशी उच्चारतो आणि मागे सरतो. हे उपकथानक जुन्या प्रयोगांत लांबण लावणारं म्हणून कापलं जायचं, आजही जातं. ते काढलं की सुधाकरची तुलना करायला कुणी उरत नाही. मग प्रेक्षकाला वाटतं की प्यायला म्हणजे हे होणारच. पर्याय डोळ्यांसमोर असेल तरच ऱ्हासाला धार येते.

एक उदाहरण नाटकाबाहेरचं देतो, कारण ते मी प्रत्येक तालमीत सांगतो. महाभारताचं सौप्तिकपर्व. युद्ध संपलंय, दुर्योधन मांडी मोडून पडलाय. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रात्री एका वडाखाली थांबलेत. ते दोघं झोपतात, अश्वत्थाम्याला झोप नाही. वर झाडावर कावळे झोपलेत. एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारत सुटतं. अश्वत्थामा ते बघतो आणि त्याला वाटतं, या पक्ष्याने मला उपदेश केला. घुबड रोजच शिकार करतं. त्या रात्री पाहणारा वेगळा होता. मॅकबेथला हवेत सुरी दिसते आणि तिचं टोक राजाच्या खोलीकडे असतं, तो याच जातीचा प्रसंग आहे. विकार भरात आला की सगळं जग आपल्याला वाट दाखवतंय असं वाटू लागतं. दिग्दर्शक म्हणून मला हे फार उपयोगी पडतं. नेपथ्यातली, प्रकाशातली एखादी साधी गोष्ट पात्र आपल्या सोयीने वाचतंय असं दाखवता आलं, की मनातलं बाहेर दिसतं.

त्याच पर्वात कृपाचार्य त्याला समजावतात. आज झोप, सकाळी ठरवू, थोरांना विचारू. तो पांडवांनी केलेल्या अधर्माची यादी वाचतो: नि:शस्त्र द्रोण, शिखंडीच्या आडून पाडलेले भीष्म, चाक रुतलेला कर्ण. यादीतली प्रत्येक नोंद खरी आहे, हे लक्षात घ्या. उत्तम सबब खोटी नसतेच. आणि मग समजावणारे कृपाचार्यही त्याच्याबरोबर निघतात आणि छावणीच्या दाराशी उभे राहतात, कुणी जिवंत बाहेर पडू नये म्हणून. एकट्याच्या विकारावर शोकांतिका उभी राहत नाही, दाराशी उभे राहणारे लागतात. तुमच्या ‘मॅकबेथ’मध्ये असे कोण कोण आहेत ते शोधा. सुरुवात बँकोपासून करा: त्याला पहिल्या रात्रीनंतर संशय आलेला असतो, पण चेटकिणींनी त्याच्याही वंशाला गादी सांगितली आहे, म्हणून तो गप्प बसतो.

आता माझ्या या सगळ्या मांडणीला जी पुरून उरते तिचं नाव घेतलं पाहिजे, नाहीतर लबाडी होईल. युरिपिडीसची मेडिया, इसवीसनपूर्व 431. नवऱ्याने टाकल्यावर ती सवतीला विषारी वस्त्र पाठवते आणि मग स्वतःच्या मुलांना मारायला निघते. मुलांचे डोळे पाहून ती थांबते, निर्णय फिरवते, पुन्हा ठरवते, पुन्हा डळमळते. सबबी तिच्याकडेही आहेत: शत्रू हसतील, शत्रूच्या हातून मरण्यापेक्षा माझ्या हातून बरं. पण शेवटी ती म्हणते की मी जे करणार आहे ते किती भयंकर आहे हे मला कळतंय, आणि माझा संताप माझ्या विचारापेक्षा बलवान आहे. म्हणजे सबबीच्या पलीकडे जाऊन, उघड्या डोळ्यांनी. इथे माझा ‘सबब काय’ हा प्रश्न लंगडा पडतो. ज्या स्पर्धेत हे नाटक झालं तिथे युरिपिडीसला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला होता. का मिळाला ते सोडा, पण ते स्वगत ऐकून परीक्षकांना त्या रात्री झोप लागली असेल असं मला वाटत नाही. मेडिया करणाऱ्या नटीला मी काहीच सांगू शकलो नाही. तिच्या मुलांचं काम करणारे दोन बालनट तिच्यासमोर बसवले आणि म्हटलं, यांच्याकडे बघून बोल. ती दोन तालमी नुसती रडली. तिसऱ्या तालमीत रडली नाही, आणि तेव्हा कुणालाच तिच्याकडे बघवेना.

ॲरिस्टॉटलचा दाखला तुम्हाला परीक्षक विचारतीलच, म्हणून दोन वाक्यं. तो सांगतो की अस्सल दुष्टाचं पतन पाहून करुणाही वाटत नाही आणि भयही नाही. नायक मधला हवा, जो दुष्टपणामुळे नव्हे तर ‘हमार्शिया’मुळे पडतो. त्या ग्रीक शब्दामागे नेम चुकण्याची कल्पना आहे. मराठीत त्याला प्रमाद म्हणतात, आणि ‘स्वभावदोष’ म्हणून तो शिकवला की तुमचा नट पुन्हा भुवया आवळायला मोकळा.

तालमीत प्रत्यक्ष काय करायचं? नटाच्या संहितेत डाव्या समासात प्रत्येक प्रवेशाची सबब त्याच्याच हाताने, त्याच्याच बोलीत लिहायला लावा. एका ओळीत. “म्हातारा झालाय, त्याला काय कळतंय” अशी, पुस्तकी नको. मग एक तालीम अशी घ्या की स्वगताआधी तो ती ओळ मोठ्याने बोलेल. ज्या प्रवेशात त्याला ओळ सुचणार नाही, तिथे एकतर नाटक पुढे सरकलंय, किंवा त्याने प्रवेश वाचलेला नाही. दोन्ही तुम्हाला कळायला हवं. सगळा गट बसवून आणखी एक खेळ खेळा: ज्या जागी तो परत फिरू शकला असता तिथे बाकीच्यांनी टिचकी वाजवायची. पहिल्या अंकात टिचक्यांचा पाऊस पडतो. पाचव्या अंकात सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले असतात.

बायको मेल्याची बातमी येते तिथेही एक वाजेल का, असं एका मुलीने मला विचारलं होतं. मी म्हटलं, वाजवून बघ. तिने हात उचलला आणि तसाच ठेवला.

उरला पोशाखाचा प्रश्न. मॅकबेथला पहिल्यापासून काळा अंगरखा नको. पहिल्या अंकात तो लढाई जिंकून आलेला, सगळ्यांचा लाडका सरदार आहे. तुमच्याकडे असलेला सगळ्यात देखणा पोशाख त्याला द्या. राजा झाल्यावर मात्र माप थोडं सैल ठेवा. चोरलेला झगा त्याच्या अंगावर लोंबतोय असं शेवटच्या अंकात एक सरदार म्हणतोच. शिंप्याला खांदे दोन बोटं उतरते ठेवायला सांगा, आणि नटाला त्याचं कारण सांगू नका.